४५०० ग्राफ्टचं कोटेशन हातात आहे, टकलावर पेरणी करू का? (ठाणे)

कोलबाडकर | १२ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय ३१, घर ठाण्यात कोलबाडला, नोकरी ऐरोलीला. केस जायला लागले पंचविशीत. आधी दोन्ही कोपरे आत गेले, मधे एक पुंजका राहिला आणि आता तोही इतका विरळ झालाय की ऑफिसच्या लिफ्टमधल्या लाइटखाली डोक्याची चामडी चमकते. लिफ्टमध्ये आरसा कोणी लावला देव जाणे. बाबांचं असंच झालं, दोन्ही मामांचंही असंच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार.

घरात लग्नाचं बघतायत. गेल्या महिन्यात एका स्थळाकडून मुलीच्या मावशीने आईला फोनवर विचारलं म्हणे की फोटो कधीचा आहे. आईने मला सांगितलं नाही, ताईकडून कळलं. त्या रात्री झोप लागली नाही हे खरं.

तर शनिवारी हेअर ट्रान्सप्लांटच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन आलो (नाव लिहीत नाही). डॉक्टर भेटलेच नाहीत. काऊन्सेलर म्हणून एक मुलगी होती, तिने मोबाइलवर डोक्याचे पाच फोटो काढले, आयब्रो पेन्सिलने कपाळावर रेघ मारली, भुवयांच्या जेमतेम तीन बोटं वर, आरसा दाखवला आणि म्हणाली सर ४५०० ग्राफ्ट (ग्राफ्ट म्हणजे मागून मुळासकट उचलून पुढे लावायचा केसांचा एकेक पुंजका), एकाच सिटिंगमध्ये, एका दिवसात, सोमवारी ऑफिसला. एका ग्राफ्टला २२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१६,८२० रुपये. आज बुकिंग केलं तर पीआरपीची (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटची इंजेक्शनं डोक्यात देतात ती) चार सेशन फ्री आणि ईएमआय झीरो कॉस्ट. आरशात ती रेघ बघून क्षणभर मला मी अकरावीतला दिसलो, खोटं कशाला बोलू, कार्ड काढलंच होतं खिशातून. मग काय वाटलं कुणास ठाऊक, घरी विचारून सांगतो म्हणून सटकलो. तेव्हापासून दिवसाला तीन फोन येतायत.

कुणी केलंय का? टिकतं का? दुखतं किती? की सगळं थोतांड आहे?

तुळतुळीत काका | १३ जून, सकाळी ६:१०

बाळा, मी १९८९ पासून टकलू आहे. तेव्हा नौपाड्यात आमच्या न्हाव्याने सांगितलं, साहेब आता पूर्ण पैसे घ्यायला लाज वाटते. तरी घेतो तो, ते सोडा. लग्न झालं, दोन मुलं झाली, दोघंही आता टकलाच्या वाटेवर. कंगव्याचे पैसे वाचले त्यात तलावपाळीला भेळ खा. (हलके घ्या)

घोडबंदरवाली | १३ जून, सकाळी ९:३५

काका 😂

मला विचाराल तर हे सगळं टँकरच्या पाण्यामुळे आहे. आम्ही नौपाड्यातून कासारवडवलीला राहायला आलो आणि वर्षभरात माझे केस निम्मे झाले. बाथरूमच्या जाळीत रोज एवढा गुंता. सोसायटीत सगळ्या बायकांची हीच रड आहे. शॉवरला फिल्टर लावला साडेतीन हजारांचा, काही फरक नाही. मलाही एका ठिकाणी ट्रान्सप्लांट करा म्हणून सांगितलं, भांगाजवळ १५०० ग्राफ्ट. बाईमाणसाने करावं का हे?

नेरूळ लोकल | १३ जून, दुपारी १:२०

केलंय. दोन वर्षं झाली, वाशीला, २१०० ग्राफ्ट, एफयूई (एकेक मूळ सुटं काढायची पद्धत). वय तेव्हा ३८. सविस्तर लिहितो कारण मी करताना मला मराठीत कुठेच सरळ माहिती मिळाली नव्हती, नुसत्या जाहिराती.

सकाळी सातला बोलावलं. आधी सगळं डोकं भादरलं, मग डॉक्टरांनी स्वतः मार्करने पुढची रेघ आखली आणि त्यावर आमचा अर्धा तास वाद झाला, मला खाली हवी होती आणि ते म्हणत होते पंचावन्नाव्या वर्षी ही रेघ कशी दिसेल त्याचा विचार करा. शेवटी त्यांचंच ऐकलं आणि आज त्यांना दुवा देतो.

दुखतं का? भूल देताना दुखतं, आणि चांगलंच दुखतं. डोक्याच्या मागे ओळीने इंजेक्शनं देतात, पहिल्या सातआठ सुया मी आजी आजी म्हणत काढल्या. त्यानंतर काही नाही. पालथं झोपवतात, तोंडासाठी भोक असलेला बेड असतो मसाजवाल्यासारखा, आणि मागून एक बारीक गरगर आवाज येत राहतो. ते एक मिलिमीटरपेक्षाही बारीक नळीचं पंच असतं, त्याने एकेक मूळ सुटं करतात आणि चिमट्याने उचलून थंड सलाइनच्या ताटलीत ठेवतात. बाजूला दोन मुली भिंगाखाली बसून मोजत होत्या, सिंगल, डबल, डबल, ट्रिपल, सिंगल. तीन तास हेच ऐकत होतो, घाऊक बाजारात पेटी मोजतात तसं. कारण एका ग्राफ्टमधून एक केस येतो किंवा दोन, तीन, कधी चार. सिंगलवाले सगळ्यात पुढच्या ओळीत लावतात म्हणजे रेघ नैसर्गिक दिसते, जाडे मागे.

मग खिचडी खायला दिली, आणि उताणं झोपवून लावायचं काम, साडेचार तास. मी त्यात चक्क घोरलो.

पुढचं कुणी सांगत नाही ते सांगतो. पहिल्या तीन रात्री पाठीशी उशा रचून अर्धवट बसून झोपायचं, दर अर्ध्या तासाने सलाइनचा फवारा, डोक्याला काहीही लागू द्यायचं नाही. चौथ्या दिवशी कपाळाची सूज उतरत उतरत डोळ्यांवर आली आणि मी मारामारी करून आल्यासारखा दिसत होतो, आमच्या वॉचमनने विचारलंच, सर पोलिसात दिलं का. साधारण दहा दिवसांत खपल्या जातात आणि मुळं धरतात, तोवर हेल्मेट बंद, आणि सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये तर डोकं घेऊन शिरायचंच नाही, कुणाचं कोपर कुठे लागेल नेम नाही. मी दोन आठवडे घरून काम केलं. सोमवारी ऑफिसला म्हणणारी माणसं थापा मारतायत.

आणि तिसऱ्या आठवड्यात लावलेले सगळे केस गळले. सगळे. उशीवर काळे ठिपके. बायको म्हणाली गेले पावणेदोन... असो, रक्कम लिहीत नाही. हे नॉर्मल असतं, केस पडतो आणि मूळ आत झोपतं, पण माहीत असूनही पोटात गोळा येतो. चौथ्या महिन्यात पहिले कोंब, सहाव्यात बाहेरच्यांना कळायला लागलं, वर्षाने खरा रिझल्ट. तोपर्यंत धीर धरता येत नसेल तर करू नका.

पुनश्च टक्कल | १४ जून, रात्री १२:४५

वरचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं आणि जळलोही. आता माझं ऐका.

मी केलं २४ व्या वर्षी. आता ३३ आहे. असंच चकाचक ठिकाण, अशीच पेन्सिल. रेघ अगदी खाली आखली, मीच सांगितलं होतं, कॉलेजमध्ये होती तश्शी करा. कुणी अडवलं नाही. ३२०० म्हणून सांगितले, किती काढले देव जाणे. डॉक्टर दहा मिनिटं आले, भूल दिली आणि गेले, बाकी सगळं टेक्निशियन पोरांनी केलं, मधे एकाचा फोन वाजला तो घेऊन परत आला आणि त्याच ग्लोव्हजनी सुरू. औषध घ्यावं लागेल हे मला कुणी सांगितलंच नाही, की सांगितलं आणि मी ऐकलं नाही, आता आठवत नाही खरंच.

दोन वर्षं हिरो. त्यानंतर लावलेल्या केसांच्या *मागचे* माझे स्वतःचे केस जायला लागले. लावलेले पुढे तसेच उभे आणि त्यामागे मोकळं मैदान. बेटासारखं दिसतं. समोरून बघाल तर केस आहेत, जरा मान खाली घातली की मागे पठार. भरून काढायला जावं तर डोक्याची मागची बाजू उंदराने कुरतडल्यासारखी झालीय, गरजेपेक्षा जास्त आणि एकाच जागेतून काढलेत. बारीक केस केले की पांढरे ठिपके दिसतात. स्कारलेस म्हणून सांगतात ना, तसं काही नसतं, जिथून काढलं तिथे ठिपका राहतोच, तो झाकला जातो एवढंच.

आता एक डॉक्टर म्हणतायत दाढीतून काढून बघू. दाढीचा केस जाड असतो, पुढे शोभत नाही, मागे भरायला चालतो. जमवतोय पैसे.

३१ म्हणजे तुमचं अजून ठरायचंय कुठवर जाणार. मामांचे फोटो बघा. ते किती गेलेत ते बघा.

त्वचारंग | १४ जून, सकाळी ७:४०

खारघरला त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. ट्रान्सप्लांट स्वतः करत नाही, त्यामुळे धंद्यासाठी लिहितोय असं समजू नका. थोडं लांब होईल.

आधी मुद्दा एकच लक्षात घ्या, या ऑपरेशनमध्ये नवीन केस एकही तयार होत नाही. मागचा पुढे आणतात, बस. डोक्याच्या मागे आणि कानांवर जी झालर शेवटपर्यंत टिकते (काकांनी आरशात बघावं) त्या मुळांना डीएचटी नावाच्या हार्मोनचा फारसा त्रास होत नाही. पुढच्या आणि टाळूवरच्या मुळांना होतो, ती दर खेपेला बारीक होत होत शेवटी लव उरते. न्यूयॉर्कच्या ऑरेन्ट्राइश यांनी १९५९ साली हे छापून दाखवलं की मागचं मूळ पुढे लावलं तरी ते आपला मागचा स्वभाव सोडत नाही. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९३९ मध्ये, जपानमध्ये ओकुदांनी जळलेल्या डोक्यांवर असं रोपण केलं होतं, पण मधे युद्ध आलं आणि बाहेर कुणाला पत्ताच लागला नाही. तर लावलेला केस टिकतो हे खरं. पण *शेजारचा* केस टिकेल याची हमी ऑपरेशन देत नाही. पुनश्च यांचं जे झालं ते तंतोतंत हेच.

म्हणून गोळी (फिनास्टराइड) आणि लोशन (मिनॉक्सिडिल). फिनास्टराइड मुळात प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅममध्ये आलं, अमेरिकेत १९९२ ला, मग १९९७ ला टकलासाठी १ मिलिग्रॅम. मिनॉक्सिडिल तर बीपीची गोळी होती, पेशंटच्या अंगावर केस उगवायला लागले तेव्हा लक्षात आलं. दोन्ही चालू असेपर्यंतच चालतात, सोडलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. मिनॉक्सिडिलने सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढते, घाबरून सोडू नका. फिनास्टराइडने थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छा कमी होणं वगैरे त्रास होतो, काहींना मन उदास राहतं, तसं झालं तर लपवू नका, डॉक्टरला सांगा. गरोदर बाईने ती गोळी फुटलेली हाताळायची नाही, आणि गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही, थांबवल्यावर एक महिना जाऊ द्यायचा. मेडिकलवाल्याला विचारून परस्पर सुरू करू नका.

आता हिशेब. मागच्या भागात एका चौरस सेंटिमीटरला साधारण ७० ते ८० ग्राफ्ट असतात, त्यातले जास्तीत जास्त निम्मे काढता येतात, त्यापुढे पुनश्च म्हणतात तसं कुरतडलेलं दिसतं. आयुष्यभरात बहुतेकांच्या डोक्यातून सहा हजाराच्या आसपास निघतात. पुढे लावताना एका चौरस सेंटिमीटरला ३५ ते ४० लावले की डोळ्याला भरल्यासारखं वाटतं. पूर्ण टक्कल २०० चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं, म्हणजे सातआठ हजार लागतील आणि आहेत सहा. बँकेत जेवढं आहे तेवढंच. ३१ व्या वर्षी एका दिवसात ४५०० उडवले तर चाळिशीत टाळू उघडी पडल्यावर कुठून आणणार?

आणि भूल. लोकल, म्हणजे तेवढ्या जागेपुरती आहे म्हणून हलक्यात घेतात. लिग्नोकेनची, म्हणजे त्या भुलीच्या औषधाची मर्यादा वजनावर ठरते, ॲड्रेनलिनसोबत किलोला ७ मिलिग्रॅम. खूप ग्राफ्ट, खूप तास, म्हणजे पुन्हा पुन्हा भूल. २०१६ ला चेन्नईत मेडिकलचाच एक विद्यार्थी ट्रान्सप्लांटनंतर दगावला, २०१९ ला मुंबईतला एक व्यावसायिक. दुर्मिळ आहे, पण शून्य नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट सांगितलंय की यूट्यूब बघून किंवा एखादी कार्यशाळा करून हे ऑपरेशन करता येत नाही, प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगाचा एमडी किंवा डीएनबी (तीही तज्ज्ञाचीच पदवी) हवा आणि तसं प्रशिक्षण हवं. नाव विचारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नोंदणी तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि थेट विचारा, भोक कोण पाडणार, डॉक्टर की मुलं?

घोडबंदरवाली ताई, टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर केस राठ होतो, मधे तुटतो. मुळाला त्याने काही होत नाही. तुमच्या जाळीतला केस बघा, टोकाला पांढरा बारीक गाठीसारखा ठिपका आहे का? आणि गळती सुरू होण्याच्या दोनतीन महिने आधी काही आजार, ऑपरेशन, बाळंतपण?

घोडबंदरवाली | १४ जून, सकाळी ११:०५

अहो डॉक्टर, ठिपका आहे! आणि ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता, पाच दिवस ॲडमिट होते, नोव्हेंबरपासून सुरू झालं. आणि हो, घर पण तेव्हाच बदललं म्हणून मी पाण्यालाच धरून बसले.

त्वचारंग | १४ जून, दुपारी २:१५

मग पाण्याची माफी मागा 🙂 मोठ्या तापानंतर एकदम खूप केस विश्रांतीत जातात आणि दोनतीन महिन्यांनी एकत्र गळतात. बहुतेक वेळा आपोआप थांबतं. तुमचं सातआठ महिने चाललंय म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या आणि एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला भांग दाखवा, कधीकधी यामागे दुसरं काही दडलेलं असतं. पण या अवस्थेत ट्रान्सप्लांट सांगणाऱ्याकडे परत पाऊल टाकू नका. चाई पडलेली असताना सुद्धा नाही, तिथे शरीर स्वतःच मुळांवर उठलेलं असतं, लावलेलंही खाईल.

दिवाकर दिघेकर | १४ जून, दुपारी ४:३०

आमचा एक मित्र इस्तंबूलला जाऊन करून आला, हॉटेल, पिकअप सगळं पॅकेजात. येताना विमानात म्हणे निम्मे पुरुष डोक्याला काळी पट्टी बांधलेले. तिथे करावं का?

नेरूळ लोकल | १४ जून, दुपारी ४:५०

तिथे चांगले पण आहेत आणि कत्तलखाने पण. प्रश्न गावाचा नाही. दहाव्या दिवशी काही पिकलं तर दाखवायला कुठे जाणार एवढं बघा. मला वाशी स्टेशनवरून रिक्षाने तीस रुपये लागत होते.

तुळतुळीत काका | १४ जून, संध्याकाळी ७:००

डॉक्टर, आरशात बघितलं. झालर शाबूत आहे. सहा हजार आहेत म्हणता? २२ च्या भावाने विकत घेतील का कुणी?

कोलबाडकर | १५ जून, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार, काकांचे जास्त.

डॉक्टरांचा हिशेब वाचून डोक्यात किडा शिरला. ताईला बोलावलं. किचनमधला तो पारदर्शक चिकट प्लास्टिकचा रोल असतो ना, त्याचा तुकडा डोक्यावर घट्ट बसवला आणि तिने मार्करने जिथे जिथे उघडं आहे त्याची कड आखली. तो तुकडा भाचीच्या भूमितीच्या वहीतल्या ग्राफ पेपरवर ठेवला. भाचीने चौकोन मोजले, अर्धे चौकोन जोडून घेतले, दोनदा मोजले कारण तिला मामाचं टक्कल अचूक हवं होतं. ५४ चौरस सेंटिमीटर. त्यातही पूर्ण उघडं ३०च, बाकी विरळ.

५४ गुणिले ३५ म्हणजे १८९०. सगळं उघडं आहे असं धरून! मग ४५०० कुठे लावणार होते, भुवयांवर?

तसाच फोन लावला. काऊन्सेलर आधी म्हणाली सर हाय डेन्सिटी पॅकेज आहे. मी म्हटलं ५४ चौरस सेंटिमीटर आहे, मोजलंय. शांतता. मग म्हणाली एक मिनिट सर. मग दुसरा कुणीतरी लाइनवर आला आणि म्हणाला सर ते ४५०० *हेअर* आहेत, ग्राफ्ट नाहीत, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. कोटेशनवर चक्क ग्राफ्ट लिहिलंय. म्हणजे २२ रुपये केसाला, ग्राफ्टला पडतात ४५ च्या पुढे, आणि मी आपला स्वस्त स्वस्त म्हणून नाचत होतो. डॉक्टरचं नाव विचारलं तर म्हणे टीम असते आमची.

शेवटी म्हणाला, सर तुम्ही इंजिनिअर आहात का?

पुनश्च टक्कल | १५ जून, रात्री ११:१५

हे मी २४ व्या वर्षी वाचायला हवं होतं. तुमच्या भाचीला माझ्याकडून कॅडबरी.

नेरूळ लोकल | १६ जून, सकाळी ८:३०

प्लास्टिकची आयडिया एक नंबर. वाचनखूण साठवलीय. एक फक्त सांगतो, आज मोजलं ते आजचं. वर्षभर गोळी घेऊन कुठे थांबतंय ते बघा आणि मग ठरवा, मला पण तसंच करायला लावलं होतं.

त्वचारंग | १६ जून, दुपारी १:००

नेरूळ लोकल यांच्याशी सहमत. आणि कोलबाडकर, दर तीन महिन्यांनी फोटो काढा, त्याच दिव्याखाली, केस कोरडे, त्याच कोनातून. ऑफिसच्या लिफ्टमध्येच काढा, आयता आरसा आहे.

घोडबंदरवाली | २१ ऑगस्ट, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. फेरिटिन खूपच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पोट बिघडतं पण चालतंय. आणि भांगाजवळ जावळासारखे बारीक उभे केस आलेत, सासूबाई म्हणतात पदर घे डोक्यावर, वाऱ्याने उडतात. टँकर अजून तोच आहे. फिल्टर कुणाला हवाय का, सेकंड हँड, हजारात देते.

कोलबाडकर | ९ नोव्हेंबर (पुढच्या वर्षीचा), रात्री ११:२०

कुणाला आठवतोय का हा धागा? दीड वर्ष झालं, अपडेट द्यायचं राहिलं.

त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो, गोळी आणि लोशन सुरू केलं. पहिले दोन महिने एवढी गळती झाली की लोशन फेकून देणार होतो, इथलं परत वाचून थांबलो. वर्षभर लिफ्टमध्ये फोटो. लिफ्टमन असता तर हाकललं असतं. टाळूवरचं थांबलं, विरळ होतं ते बऱ्यापैकी भरलं, कोपरे मात्र होते तिथेच. परत प्लास्टिक, परत भाची (आता ती याचे पैसे मागते), या वेळी ३८ चौरस सेंटिमीटर.

मग दोन ठिकाणी दाखवलं. एकाने ३००० सांगितले, त्यांना नमस्कार. दुसऱ्या डॉक्टरांनी भिंगाचा कॅमेरा मागच्या बाजूला लावून घनता मोजली, मामांचे फोटो मागवले, मी न सांगता, आणि म्हणाले फक्त पुढचा भाग करू, १४००, बाकी राखून ठेवा. ग्राफ्टला ५५, जीएसटी वेगळा. म्हणजे ९०,८६०. भोकं त्यांनी स्वतः पाडली, मी मोजत होतो तेवढा वेळ तरी. रेघ चार बोटं वर आणि कोपरे जरा आत ठेवलेत. आधी वाईट वाटलं, आता वाटत नाही.

जुलैमध्ये केलं, पावसात. ती चूक झाली. दहा दिवस बाहेर पडायचं नव्हतं ते बरं, पण अकराव्या दिवशी कोलबाडहून स्टेशनपर्यंत छत्री डोक्याला न लावता चालून दाखवा. सूज आली, केस गळले, सगळं लिहिलं होतं तसंच झालं. आता चौथा महिना आहे. हात फिरवला की खरखर लागते, दाढी केल्यावर दुसऱ्या दिवशी लागते तशी. बघायला अजून काही नाही. आई रोज बघते आणि रोज म्हणते आलेत रे.

आणि ते फोटोवालं. नवीन फोटो काढलाच नाही. खपल्या गेल्यानंतर, म्हणजे सगळं गळून मी आधीपेक्षा जास्त टकलू दिसत होतो तेव्हा, एका मुलीला भेटलो, गडकरी रंगायतनजवळ, टोपी घालून. पंधरा मिनिटांनी म्हटलं हे बघ असं असं आहे आणि टोपी काढली. ती बराच वेळ डोक्याकडे बघत राहिली, वाकून, मागूनसुद्धा. मग विचारलं, किती ग्राफ्ट?

तिच्या भावाला २२ रुपयेवाल्यांनीच ४००० सांगितलेत. रविवारी त्यांच्या घरी जातोय, कळव्याला. भाची पण येतेय, ग्राफ पेपर घेऊन.

तुळतुळीत काका | १० नोव्हेंबर, सकाळी ६:०५

पोहे खाऊन मग मोज रे.